कल्याणप्पांच्या जीपची थरथर

३० डिसेंबर २०२४, सोमवार

जीप हायवेवरून आत वळायच्या आधीच हे उठून बसले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. नळदुर्गच्या या रस्त्यावर दिवसभर ट्रक चालू असतात. त्यात एका जीपचा आवाज वेगळा कसा काढायचा? पण यांनी काढला. 'पाना,' म्हणाले. म्हणजे काठी दे.

अडीच महिने झाले यांची उजवी बाजू जाऊन. आयुब मिस्त्री — चाळीस वर्षं गाड्या नीट करणारा माणूस, आणि आता जवळ शब्द तीन. हौ, नक्को, पाना. जेवण पाना, चादर पाना, मीसुद्धा पाना. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज काय बोलले ते लिहून ठेवा. म्हणून ही वही.

आज वेळ अमावस्या. कल्याणप्पा शेतातली पूजा आटपून भज्जीचा डबा आणि आंबिलीची कॅन घेऊन आले होते. अणदूरच्या पुढं त्यांचं शेत. जुनी फोर-बाय-फोर जीप आहे, पावसाळ्यात त्यांच्या ओढ्यातून दुसरं काही पार होत नाही. वीस वर्षं त्या जीपला यांच्याशिवाय कुणाचा हात लागला नाही. यांच्याजवळ बसून हरभरा कसा आलाय, थंडी कशी पडलीय, सगळं बोलले. गाडीबद्दल अक्षर नाही.

अयोध्यावहिनी, कल्याणप्पांच्या घरच्या, जीपमध्येच बसून होत्या. पाणी द्यायला गेले. दोन्ही किडन्या गेल्यात त्यांच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सोलापूरला मशीनवर रक्त धुवून आणतात. चेहरा पार उतरलाय.

'भाभी, ह्ये सांगायचे न्हायत,' हळूच म्हणाल्या. 'गाडी पन्नासच्या म्होरं गेली की स्टेरिंग असं हालतंय.' दोन्ही मुठी आवळून दाखवलं. 'त्यात खड्डा लागला की फुडली चाकं थयथय नाचत्यात. गाडी पार हळू केल्याबिगर थांबत न्हायत. येताना माझ्यात जीव नसतो, आन त्यात ह्ये.'

कल्याणप्पांनी ऐकलं. 'अगं, उस्तादांना कशाला तरास? सोलापुरात दावलंय की.'

हे काठी टेकत दारापर्यंत आले होते. त्यांनीही ऐकलं. सरळ गॅरेजकडं गेले आणि काठीनं शटर वाजवलं. एकदा. परत एकदा.

ऑक्टोबरपासून बंद होतं. किल्ली शोधण्यातच माझा वेळ गेला. मी आणि कल्याणप्पांनी मिळून शटर वर ढकललं. आतून तो डिझेलचा, ग्रीसचा वास आला. हे डोळे मिटून उभे राहिले.

३१ डिसेंबर, मंगळवार

शब्द — हौ, नक्को, पाना.
कल्याणप्पा आणि वहिनी सोलापूरला जाऊन आले. चाळीसच्या वर नेलीच नाही म्हणे. वाटेत वहिनींना दोनदा ओकारी.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आज जीप गॅरेजमध्ये घेतली. पण खाली शिरणार कोण? कामाला होता तो माणूस हे पडल्यावर सोलापूरला गेला. कल्याणप्पांचे गुडघे गेलेले. यांनी वाकायला बघितलं — मी धरलं म्हणून, नाहीतर तोंडावरच आले असते. खुर्चीत बसवलं तर काठी फेकून दिली. डोळ्यांत पाणी. बघवलं नाही मला.

मग मीच साडी बदलली. यांचा जुना शर्ट, यांचा पायजमा. रस्त्यावरून लोक जातात, म्हणून शटर अर्धं खाली ओढलं आणि पोतं अंथरून शिरले. चौपन्नाव्या वर्षी! कल्याणप्पा तोंड फिरवून उभे. 'भाभी, राहू द्या,' असं चारदा म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, जॅक मारा.

चाक उचललं. यांनी डाव्या हातानं हवेत धरून दाखवलं — टायर वरून आणि खालून धर, हलव. मग डावीकडून-उजवीकडून धर, हलव. हे मला नवीन नव्हतं. चौतीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकत आलेय — वर-खाली हललं तर बेअरिंग नाहीतर किंग पिन, आडवं हललं तर टाय रॉडचा, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याचा, एंड. फक्त हात कधी लावला नव्हता.

आडवं धरून हलवलं, तर आत कुठंतरी कट् कट्. मी बोट ठेवून शोधत गेले. यांनी खुर्ची पुढं ओढायला लावली, डावा तळवा टायरवर ठेवला आणि डोळे मिटून बसले. मी हलवते, हे ऐकतात. मग माझ्या डोक्यावर टपली मारली. सापडलं! उजवीकडचा एंड. डावीकडचाही फार चांगला नव्हता.

चौतीस वर्षं यांच्या कपड्यांवरचं हे ग्रीस धुतलं. ते येतं कुठून, ते आज बघितलं.

४ जानेवारी, शनिवार

कल्याणप्पांनी काल येताना सोलापुरातून दोन्ही नवे एंड आणले. आज बसवले. जुना निघता निघेना. नट काढला, हातोडा मारला, पान्यानं वाजवून दमले. यांनी दोन बोटं दाखवली. मला कळेना. पुन्हा दोन बोटं. म्हणजे दोन हातोडे — एक पाठीमागून टेकवून धरायचा, दुसरा पुढून मारायचा, तोही बोल्टवर नाही, तो ज्या डोळ्यात, म्हणजे लोखंडाच्या कडीत, बसलाय त्या डोळ्याच्या बाजूवर. कल्याणप्पांनी टेकवला, मी मारला. तिसऱ्या फटक्याला टप्पकन खाली.

मी हसले. हेही हसले. तोंडाची एकच बाजू हसते आता. तरी हसणं यांचंच.

कल्याणप्पा हायवेवर फेरी मारून आले. पंचावन्नपर्यंत ठीक. साठला, पुलाच्या सांध्यावर, परत तेच. कमी झालंय, गेलं नाही. मला वाटलं हे खट्टू होतील. तर म्हणाले, 'पाना!' आणि चाकाकडं बोट. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या.

६ जानेवारी, सोमवार

घट्ट.

आज हे 'घट्ट' म्हणाले. चाकाचं बेअरिंग उघडलं होतं. धुतलं, नवं ग्रीस भरलं, मी नट आवळत होते. मी थांबले तर खुर्चीतून स्पष्ट आवाज आला — 'घट्ट.' मी पाना हातात धरून तशीच बसले. कल्याणप्पा म्हणाले, 'उस्ताद, परत म्हना.' परत म्हणाले. मी मुद्दाम सैल केला, पुन्हा म्हणायला लावलं. 'घट्ट, घट्ट!' रागावलेच.

आफरीनला हैदराबादला फोन केला. पोरगी रडली. मग तिचं नेहमीचं — 'अम्मी, गॅरेज भाड्यानं दे, अब्बूला घेऊन इकडं ये, किती दिवस एकटी करशील?' एरवी मी गप्प बसते. आज म्हटलं, आत्ता नको, गाडी उघडलीय.

किंग पिनमध्येही थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता, तोही काढला. बघू.

८ जानेवारी, बुधवार

गाडी अजून थरथरते. साठ-बासष्टला. काल सोलापूरहून येताना एक ट्रक शेजारून गेला, खड्डा आला आणि स्टिअरिंग कल्याणप्पांच्या हातातून निसटता निसटता राहिलं. वहिनी मागच्या सीटवर झोपलेल्या, त्या खालीच पडल्या. मशीनची सुई लावतात त्या हातावरच.

आज दोघं आले तेव्हा मी वहिनींना आत आणून पलंगावर टेकवलं. हात सुजलाय. शेकता येत नाही, नुसता धरून बसले. सहज विचारलं, 'वहिनी, हे सुरू कधीपासून झालं?'

'दसऱ्यापासनं. पाटे बदलले न्हाय का, तवापासनं—'

ओठ दाबून माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'ह्येंनी सांगितलं हुतं, भाभींम्होरं बोलायचं न्हाय.'

दसऱ्याच्या आदल्या दिवशी यांनीच या जीपचे पुढचे पाटे, म्हणजे ॲक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलले होते. ते यांचं शेवटचं काम. चार दिवसांनी पडले. मला आठवतं ना तो दिवस. हातातून पाना दोनदा खाली पडला होता. मी चहा द्यायला गेले तर म्हणाले, मुंग्या आल्यात हाताला. मी म्हटलं, वय झालं मिस्त्री! हसत म्हटलं मी. डॉक्टरकडं न्यायचं डोक्यातसुद्धा आलं नाही.

म्हणजे कल्याणप्पांना तेव्हापासून माहीत आहे. तीन महिने ते सोलापुरात अलाइनमेंट करत फिरले, टायर बदलले, स्टिअरिंगचा डॅम्पर नवा टाकला, आणि पाटे कुणी बसवले ते कुठंच सांगितलं नाही.

मला नीट लिहिता येत नाही आज.

९ जानेवारी, गुरुवार

यांनी हट्ट धरला — मला गाडीत बसवा. दोघांनी मिळून पुढच्या सीटवर चढवलं, ओढणीनं सीटला बांधलं. मी मागं. बाजारच्या मैदानात नेली. यांनी हातानं सांगितलं, हळू वळव. कल्याणप्पांनी वळवली. मग मनगटावर टपली — हात सोड.

कल्याणप्पांनी हात सोडला. स्टिअरिंग वळलं होतं तसंच राहिलं. गाडी गोल गोल फिरत राहिली.

चांगल्या गाडीचं स्टिअरिंग वळणानंतर आपणहून सरळ होतं. तेवढं मलाही ठाऊक आहे. यांनी तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा तेच. मग 'नक्को' म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

घरी येऊन जेवले नाहीत. भिंतीकडं तोंड करून झोपले. दमले असतील.

१० जानेवारी, शुक्रवार

आज एकही शब्द नाही. शटर उघडू दिलं नाही. जीप सोलापूरच्या रस्त्यावर आहे आणि माझं लक्ष सारखं घड्याळाकडं. साडेचारला कल्याणप्पांचा फोन आला, पोचलो. मग मी नमाज पढले.

११ जानेवारी, शनिवार

कल्याणप्पा सकाळी जीप लावून बसनं गेले. दुपारी यांचा डोळा लागल्यावर मी मोबाइलची बॅटरी घेऊन एकटीच खाली शिरले.

स्टिअरिंग सरळ होत नाही आणि सुरुवात पाट्यांपासून. मग पाट्यांजवळच बघायचं, दुसरीकडं कशाला? पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडाची एक पाचर असते. एका कडेला जाड, एका कडेला पातळ. तिच्यामुळं ॲक्सल जरा मागं कललेला राहतो. या जीपमध्ये जाड बाजू मागं होती. बरोबर का चूक, मला काय कळणार? गॅरेजच्या मागं तसलीच एक मोडकी जीप कधीची पडून आहे. गवत बाजूला करून तिच्याखाली शिरले. तिची जाड बाजू पुढं. दोन्ही चाकांना पुढं.

परत आले, परत बघितलं. दोन्हीकडं उलटी.

आणि पाटे आवळायच्या नटांवर पिवळ्या रंगाचा ठिपका. काम झालं, मी स्वतः आवळलंय, याची ही यांची खूण. हाताखालच्या माणसांनाही तो रंग लावू द्यायचे नाहीत. सगळ्या नटांवर ठिपके होते. उजवीकडचे दोन ओघळले होते. यांच्या हातचा ठिपका मी कधी ओघळलेला बघितला नाही.

किती वेळ तशीच पडून होते कोण जाणे. पाठीला खडी टोचत होती. त्या दिवशी हा माणूस इथंच, याच जागी पडून, न ऐकणाऱ्या हातानं नट आवळत होता. आणि मी दहा पावलांवर चहा करत होते.

यांना नाही सांगायचं. माझ्या तोंडून तर नाहीच. शब्द चार राहिलेत जवळ. मिस्त्री म्हणून जे काही आहे ते तरी राहू दे.

१२ जानेवारी, रविवार

आफरीनला सांगितलं, अब्बूशी व्हिडिओवर बोल, नात दाखव, लांबव जरा. यांना सांगितलं, रबरी बुश बदलतोय. घरात बसवून दार ओढून घेतलं.

पाचर दिसली तशी कल्याणप्पा खाली बसले. मी म्हटलं, 'भाऊ, तुम्हाला ठाऊक होतं.'

'पाचरीचं न्हाय, भाभी. एवढं कुटलं कळतंय मला? पन पाट्यांपासनंच सुरू झालं, ते ठावं हुतं.'

'मग तेव्हाच का नाही आलात?'

'आलो की. चौथ्या दिवशी आलो, तर दारात गर्दी. उस्तादांना गाडीत घालून चाललेलं.' टोपी काढून डोकं खाजवत बसले. 'त्यावर काय बोलायचं? वीस वर्सं माझी गाडी ह्या मानसाच्या हातावर चालली. एका दिवसाचं काय धरायचं?'

'आणि वहिनींना काही झालं असतं तर?'

'ते बी चुकलंच माझं,' म्हणाले. 'रोज वाटायचं, आज बोलतो. उस्ताद दिसले की जीभ उचलत न्हवती.'

मग कामाला लागलो. चासी टेकूवर घेतली, ॲक्सल जॅकवर. यू-बोल्टचे नट हलेनात — पान्याला चार फुटी पाइप घातला, एका टोकाला मी, एकाला ते. मधला बोल्ट काढून पाचर फिरवली, जाड बाजू पुढं. मग दुसरी बाजू. पाट्याचं भोक बोल्टवर बसायला फार छळलं. माझी दोन बोटं चेमटली. पण बसलं. आवळताना मनात तो आवाज — घट्ट.

शेवटी पिवळ्या रंगाचा डबा हातात घेतला आणि थांबले. लावू का नको? लावला. नीट लावला.

हायवेवर मीही बसले सोबत. पन्नास. साठ. पुलाचा सांधा — काही नाही! सत्तर. कल्याणप्पांनी पंचाहत्तरला नेली. स्टिअरिंग हातात गप्प. मैदानात वळवून हात सोडला, तर आपणहून सरळ झालं. कल्याणप्पा तिथंच गाडी उभी करून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मी दुसरीकडं बघितलं.

घरी येऊन यांना सांगितलं, 'बुश गेला होता. बदलला. गाडी लोण्यासारखी चालते आता.' यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. फार वेळ. मग माझी चेमटलेली बोटं हातात घेतली आणि म्हणाले, 'हौ.'

पहिल्यांदाच खोटं बोलले यांच्याशी, असं नाही. पण हे जड गेलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वहिनी सोलापूरहून येताना थेट इथं उतरल्या. स्वतःच्या पायानं! म्हणाल्या, 'येताना झोप लागली मला, भाभी. तुळजापूर फाटा कवा गेला, कळलंच न्हाय.' तिळगूळ दिला. कल्याणप्पा यांच्या पायाशी बसून म्हणाले, 'उस्ताद, तुमच्यामुळं झालं.'

हे नुसते बघत होते.

१५ जानेवारी, बुधवार

कल्याणप्पा सकाळी ऑइल बदलायला आले. यांनी त्यांचं मनगट धरलं, काठी टेकत जीपपर्यंत नेलं. काठीनं पाट्यावर टकटक केलं. 'उलटं,' म्हणाले. मग स्वतःच्या छातीवर बोट — 'मी.'

मैदानातल्या त्या फेरीपासूनच माहीत होतं यांना. कल्याणप्पा 'न्हाय, न्हाय उस्ताद' करत होते. यांनी काठी उचलून त्यांना गप्प केलं, आणि मी दारात उभी होते तिकडं डावा हात केला.

'सरळ,' म्हणाले. 'ही.'